छातीत निघालेला जर्म सेल ट्यूमर: हा आजार किती जणांना होतो आणि कुठे कुठे होतो?

प्रश्न असा आहे: "माझा पुतण्या २२ वर्षांचा आहे. वारज्याला आमच्याकडेच राहून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकतोय. दीड महिना खोकला आणि छातीत जडपणा होता. आधी टीबीसाठी तपासलं, मग सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मधोमध मोठी गाठ दिसली. बायोप्सीत 'जर्म सेल ट्यूमर' आलंय आणि पुढच्या तपासण्या सांगितल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, हा मुळात अंडकोषात होणारा प्रकार. मग छातीत कसा? रिपोर्टची अदलाबदल तर झाली नसेल? हा आजार किती जणांना होतो, कुठे कुठे होतो? त्याचा धाकटा भाऊ १८ वर्षांचा आहे, त्याला धोका आहे का?"

ताई, अदलाबदलीच्या शंकेचं आधी बोलते, कारण ती डोक्यात असेपर्यंत बाकी काही कानात शिरणार नाही. मुलगा, वय २२, आणि गाठ छातीच्या मधोमध. मोठ्या माणसांत जर्म सेल ट्यूमर, म्हणजे बीजपेशींपासून होणारी गाठ, अंडकोषाबाहेर निघतो तेव्हा बहुतेक वेळा याच वयात आणि याच जागी निघतो. त्यामुळे रिपोर्ट तुमच्या पुतण्याच्या आजाराशी चांगला जुळतो. तरीही मन मानत नसेल तर लॅबमधून काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, अर्ज केला की मिळतात. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, मुंबईला टाटामध्ये न्या. या आजारात दुसरं मत घ्याच असं मी स्वतःहून सांगते, कारण आमच्यापैकी अनेकांना हा ट्यूमर वर्षात मोजक्याच वेळा दिसतो. फक्त त्यापायी उपचार अडवून ठेवू नका. ही गाठ भराभर वाढणाऱ्यांपैकी असते. चेहरा किंवा मान सुजली, मानेच्या शिरा फुगल्या, आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गाठी कापून, काचपट्टीवर पाहून रिपोर्ट लिहिणं हे माझं पुण्यातलं रोजचं काम. मुलांचे सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, युरोलॉजिस्ट, न्यूरोसर्जन या सगळ्यांना हा आजार आपापल्या अवयवापुरता दिसतो. आमच्या टेबलावर मात्र तो सगळीकडून येतो. म्हणून 'कुठे कुठे' या प्रश्नापासूनच सुरुवात करते. जागा समजली की आकडेही समजतात.

गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो तेव्हा ज्या पेशींपासून पुढे स्त्रीबीजं किंवा शुक्राणू व्हायचे असतात, त्या मूळ बीजपेशी अंडाशयात किंवा अंडकोषात नसतात. ते अवयव तेव्हा तयारच झालेले नसतात. या पेशी योक सॅक नावाच्या पिशवीच्या भिंतीत सापडतात. तिथून त्या आतड्याच्या कडेने, शरीराच्या मध्यरेषेवरून सरकत पाठीमागच्या भिंतीशी येतात आणि साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत जिथे अंडकोष किंवा अंडाशय होणार त्या जागी शिरतात. या वाटेवर काही पेशी मागे राहतात. बहुतेक तिथेच मरून जातात. एखादी तगली आणि पुढे कधीतरी बिघडली, तर गाठ तिथेच धरते. म्हणून अंडकोष-अंडाशयाबाहेरच्या जागा ठरलेल्या आहेत: माकडहाड, पोटात आतड्यांच्या मागची बाजू, छातीचा मध्य, मेंदूचा मध्य. सगळ्या मध्यरेषेवर. छातीतल्या आणि मेंदूतल्या गाठींबद्दल शास्त्रज्ञांत थोडे मतभेद आहेत, पण पेशींचा हा प्रवास डोळ्यांपुढे ठेवला की जागांचा बराचसा उलगडा होतो.

पुतण्याच्या छातीतली गाठ अंडकोषातून पसरत आलेली आहे असं त्यामुळे समजू नका. बहुधा ती तिथेच सुरू झालेली आहे. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे, म्हणून अंडकोषाची सोनोग्राफी व्हायलाच हवी. पोटाच्या मागच्या बाजूला गाठ असेल तर ही सोनोग्राफी आणखी महत्त्वाची. तिथे अनेकदा मूळ आजार अंडकोषातच होता आणि तिथल्या तिथे विरून नुसता व्रण उरला, असं निघतं. मुलगा म्हणतो "मला खाली काहीच नाही", हाताला काही लागत नाही, आणि सोनोग्राफीत तो व्रण दिसतो.

आता किती जणांना होतो ते. इथे एक आकडा सांगून भागत नाही, कारण वय बदललं की आकडा पार बदलतो.

सगळ्या वयांचे पुरुष एकत्र धरले तर अंडकोषाचा कर्करोग अगदी थोडा: कर्करोग झालेल्या शंभर पुरुषांत एखादा. जगभर २०२० मध्ये याच्या सुमारे ७४ हजार नव्या केसेस झाल्या असा अंदाज आहे. त्यातल्या शंभरातल्या पंचाण्णव जर्म सेल ट्यूमरच्या. देशादेशांतला फरक मोठा आहे. नॉर्वे, डेन्मार्ककडे वर्षाला लाख पुरुषांमागे दहाच्या आसपास, आणि आपल्याकडे लाखामागे एकाहूनही कमी. अमेरिकेत एकाच देशात राहूनसुद्धा काळ्या पुरुषांत हा आजार गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी होतो, म्हणजे यात वंशाचा भाग नक्की आहे. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदणी होते, नंतर ती पुण्यातही सुरू झाली, आणि १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण भागात. इतकी वर्षं नोंदी ठेवूनही आपल्याकडचा आकडा लहानच राहिला आहे. पुण्यापुरता हिशोब करायचा तर २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात साधारण ४९ लाख पुरुष होते. लाखामागे एक धरला तरी सगळ्या जिल्ह्यात वर्षाला पन्नास होत नाहीत. त्यात अंडकोषाबाहेर सुरू झालेले शंभरातले दोन ते पाच. तुमच्या डॉक्टरांनी "क्वचित दिसतो" म्हटलं असेल तर ते शब्दशः खरं आहे.

पण हाच आजार वयाच्या चौकटीत बसवून बघा. पाश्चात्य देशांत १५ ते ३५ वयाच्या पुरुषांना होणाऱ्या गाठीच्या कर्करोगांत अंडकोषाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या कर्करोगांत जर्म सेल ट्यूमर शंभरात तीनेक असतात, पण १५ ते १९ या वयात तोच आकडा चौदा-पंधरापर्यंत जातो. म्हणजे आयुष्यात दोन चढ: एक जन्मापासून पहिल्या तीन-चार वर्षांत, दुसरा वयात आल्यावर. चाळिशीनंतर तो उतरतो. सत्तरीच्या आजोबांचा अंडकोष सुजला तर आमच्या मनात आधी लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, येतो. पंचविशीतल्या मुलाच्या अंडकोषात न दुखणारी कडक गाठ आली तर पहिलं नाव जर्म सेल ट्यूमरचंच असायला हवं. सगळा आजार दुर्मिळ आहे म्हणून तो कुणाच्या मनात येत नाही, आणि ज्या वयात तो सगळ्यात जास्त होतो त्या वयाच्या मुलांना कर्करोग होऊ शकतो असं कुणाला वाटतच नाही. आपल्याकडची मुलं उशिरा पोहोचतात त्यामागे हे एक कारण आहे. दुसरं कारण लाज. मुलगा आईला सांगत नाही, वडिलांना सांगत नाही, क्रिकेट खेळताना बॉल लागला असेल म्हणून महिने काढतो. कंबर दुखायला लागली की मणक्याचा एक्स-रे होतो. खरं तर अंडकोषातला आजार पोटात मागे, महारोहिणी या मोठ्या धमनीच्या कडेच्या लसिकाग्रंथींमध्ये पसरतो आणि तिथून पाठदुखी सुरू होते. तरण्या मुलाची पाठ महिनाभर दुखते तेव्हा एकदा अंडकोष तपासायला दोन मिनिटं लागतात.

यात आणखी एक गोष्ट मला फार सलते. अंडकोष सुजला की हायड्रोसील समजून, सोनोग्राफी न करता, पिशवीवरच छेद घेऊन ऑपरेशन होतं. मग आत पाणी नाही, गाठ आहे असं कळतं आणि तुकडा आमच्याकडे येतो. या आजारात अंडकोष काढायचा तो जांघेतून, त्याला धरून ठेवणाऱ्या दोरीसकट. पिशवी कापली की तिथल्या वेगळ्या लसिकावाहिन्या उघड्या पडतात आणि पुढच्या उपचाराचं गणित बिघडतं. अंडकोषातून सुईने तुकडा घेणंही टाळायचं असतं.

मुलींचा हिशोब निराळा आहे. अंडाशयाच्या सगळ्या गाठींपैकी निदान पाचातली एक बीजपेशींपासून झालेली असते, पण त्यातल्या बहुतेक साध्या असतात, ज्यांना डरमॉइड म्हणतात. अंडाशयाच्या कर्करोगांत यांचा वाटा पाश्चात्य देशांत पाच टक्क्यांहून कमी, आशियात थोडा जास्त. मात्र वीस वर्षांखालच्या मुलीच्या अंडाशयात गाठ निघाली तर ती बीजपेशींचीच असण्याची शक्यता साधारण तीनात दोन, आणि अशा गाठींतली तीनातली एक कर्करोगाची. म्हणून वयात येणाऱ्या मुलीच्या पोटात दुखतंय, पोट मोठं दिसतंय, तर अपेंडिक्सबरोबर अंडाशयाचाही विचार व्हावा.

डरमॉइडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुण्यात कुठल्याही सोनोग्राफी सेंटरवर हा शब्द रोज ऐकू येतो. दुर्बिणीतून काढलेली ही पिशवी टेबलावर येते तेव्हा बाहेरून गुळगुळीत आणि पांढुरकी असते. कापली की आतून पिवळा तेलकट पदार्थ ओघळतो. शरीराच्या उबेत पातळ असलेला तो लॅबच्या एसीत तुपासारखा थिजतो. त्यात केसांचा गुंतवळ असतो, कधी चांगला मुठीएवढा. सगळं धुऊन काढलं की पिशवीच्या आतल्या भिंतीवर एका जागी टणक उंचवटा दिसतो. बोट फिरवलं की तिथे दात लागतो, कधी हाडाचा तुकडा. तपासणीसाठी मी सगळ्यात जास्त तुकडे या उंचवट्यातून घेते, कारण काही वाईट लपलेलं असलं तर ते इथेच सापडण्याचा संभव जास्त. शंभरात एखाद-दुसऱ्या डरमॉइडमध्येच पुढे कर्करोग होतो, तोही बहुधा वय वाढल्यावर. त्याहून जवळचा धोका म्हणजे अंडाशयाला पीळ पडणं. अचानक असह्य पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या तर थांबू नये. शंभरातल्या दहा-पंधराजणींना डरमॉइड दोन्ही बाजूंना असते, म्हणून दुसरा अंडाशयही नीट बघायचा.

केस आणि दात निघाले म्हटल्यावर काही घरांत अविवाहित मुलीबद्दल नको ते बोललं जातं. त्यात ट्यूमर बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात वाढणारं संप्रेरक, तयार करणारा असेल तर गर्भाची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी मी मुलीच्या आईला लॅबमध्ये बोलावून समोर बसवून सांगते: या गाठीचा लग्नाशी, संबंधांशी, गर्भाशी काहीही संबंध नाही. मुलीच्या स्वतःच्या एका बीजपेशीने, कुठल्याही पुरुषाचं बीज न लागता, त्वचा, केस, दात बनवायला सुरुवात केली. पाच वर्षांच्या मुलीतही हे होतं. पुरुषातही होतं, आणि पुरुषाच्या लघवीवरसुद्धा गर्भाची चाचणी या आजारात पॉझिटिव्ह येऊ शकते. ही एवढी माहिती वेळेवर मिळाली नाही म्हणून मुलींनी जे सोसलेलं मी ऐकलंय ते फार वाईट आहे.

मुलीच्या अंडाशयात कर्करोगाची बीजपेशी-गाठ निघाली तरी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढायची गरज बहुधा नसते. एका बाजूचा अंडाशय काढून, लागली तर केमो देऊन, मुलगी बरी होते आणि पुढे तिला मुलंही होऊ शकतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनला हे स्पष्ट विचारून घ्या. सोळा वर्षांची होऊनही पाळी आली नाही आणि अंडाशयात गाठ आहे, अशा मुलीची गुणसूत्रं तपासायला हवीत. काहींमध्ये वाय गुणसूत्र निघतं आणि मग दुसऱ्या बाजूचा निर्णयही बदलतो.

नवजात बाळात जागा असते माकडहाडाची. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांत एका बाळाला तिथे टेराटोमा (डरमॉइडच्याच जातीची गाठ) असतो, मुलींना मुलांपेक्षा तीन-चारपट जास्त. हल्ली तो बहुधा गर्भाच्या सोनोग्राफीतच दिसतो, मग प्रसूती जिथे मुलांचे सर्जन आहेत अशा ठिकाणी व्हावी. जन्मतः यातले बहुतेक साधे असतात, पण काही महिने तसेच राहिले तर कर्करोगाचं प्रमाण खूप वाढतं, म्हणून थांबून बघत नाहीत. सर्जन गाठीबरोबर माकडहाडही काढतो. ते ठेवलं तर गाठ पुन्हा येते, हे ऑपरेशनच्या इतिहासातून शिकलेलं सत्य आहे. माझ्याकडे नमुना आला की त्यात माकडहाड आहे का हे मी आधी बघते आणि रिपोर्टात तसं लिहिते.

या बाळांच्या आईवडिलांना एक धक्का विनाकारण बसतो. एएफपी नावाच्या, काही बीजपेशी-गाठींत वाढणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी होते, आकडा हजारोंमध्ये येतो आणि बाजूला छापलेलं असतं, नॉर्मल दहाच्या खाली. ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे. नुकत्याच जन्मलेल्या निरोगी बाळाचं एएफपी हजारोंत असतं आणि मोठ्यांच्या पातळीवर यायला आठ ते बारा महिने लागतात. बाळाच्या वयाचा तक्ता बाजूला ठेवूनच तो आकडा वाचायचा असतो. रिपोर्टवर वयाप्रमाणे मर्यादा छापाव्यात असं मी अनेक लॅबना सांगत आले आहे.

दोन-तीन वर्षांखालच्या मुलांत अंडकोषातही हा ट्यूमर होतो, आणि क्वचित लहानग्या मुलीच्या योनिमार्गात. डायपरला रक्त दिसलं तर "काही टोचलं असेल" म्हणून सोडून देऊ नये.

मेंदूत दोन जागा: पिनिअल ग्रंथीचा भाग आणि पिट्युटरीच्या वरचा भाग. मेंदूतले जर्म सेल ट्यूमर जपान, कोरिया, तैवानकडे पाश्चात्य देशांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. मूल अचानक फार पाणी पिऊ लागलं, रात्रीतून पुन्हा पुन्हा लघवीला उठू लागलं, उंची वाढायची थांबली, किंवा डोळे वर नेता येईनासे झाले, तर एमआरआय लागतो. इथला जर्मिनोमा हा प्रकार रेडिएशन आणि केमोने दहातल्या नऊहून अधिक मुलांत बरा होतो.

आता छाती, तुमचा मूळ विषय. युवराजसिंगचा आजार तुम्हाला आठवत असेल. २०११ चा वर्ल्डकप खेळला आणि नंतर निदान झालं. सुरुवातीच्या बातम्यांत फुप्फुसाचा कॅन्सर म्हणत. प्रत्यक्षात तो छातीच्या मधल्या भागातला सेमिनोमा होता, म्हणजे जर्म सेल ट्यूमरच. २०१२ मध्ये अमेरिकेत केमो झाली आणि त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला. त्याच्या उपचारांत अमेरिकेतले कर्करोगतज्ज्ञ डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न होते. १९७४ साली अंडकोषाच्या पसरलेल्या कर्करोगात सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध वापरून त्यांनी या आजाराचं चित्र पालटलं. त्याआधी पसरलेल्या आजाराचे बहुतेक तरुण दगावत. आज पसरलेला असूनही बरं होण्याची चांगली शक्यता असलेल्या गटात बसणारे दहातले नऊ बरे होतात.

पण मी तुम्हाला अर्धं सांगून सोडणार नाही. छातीत दोन प्रकारांचे निकाल सारखे नाहीत. तुमच्या रिपोर्टात नुसतं 'जर्म सेल ट्यूमर' लिहिलं असेल तर अजून मुख्य गोष्ट कळायची आहे: सेमिनोमा की नॉन-सेमिनोमा. सेमिनोमा छातीत असला तरी दहातले जवळपास नऊ बरे होतात. नॉन-सेमिनोमा छातीत सुरू झाला असेल तर जगभरच्या वर्गीकरणात तो थेट कठीण गटात धरला जातो आणि साधारण निम्मे बरे होतात. उपचाराची तीव्रता, ऑपरेशन लागेल की नाही, कुठल्या सेंटरला जायचं, हे सगळं यावर ठरतं. सुईच्या छोट्या तुकड्यात दोन्हींपैकी एकच दिसू शकतं, म्हणून पॅथॉलॉजिस्टचा डोळा आणि रक्ताच्या तपासण्या एकमेकांना ताडून बघायच्या असतात. रक्तात एएफपी वाढलेलं असेल तर काचपट्टीवर निव्वळ सेमिनोमा दिसला तरी तो नॉन-सेमिनोमा म्हणूनच हाताळतात, कारण सेमिनोमा एएफपी तयार करत नाही. बीटा एचसीजी मात्र त्यात थोडं वाढू शकतं.

या रक्ततपासण्या तीन, त्यांना मार्कर्स म्हणतात: एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. त्या पहिल्या केमोआधी घेतल्या नसतील तर आज घ्या. पुढे औषध लागू पडतंय का हे यांच्या उतरण्यावरून कळतं: बीटा एचसीजी दर दीड दिवसाच्या आत निम्मं व्हायला हवं, एएफपी पाच-सात दिवसांत. पहिला आकडाच नसेल तर तुलना कशाशी करणार? आमच्याकडे गाठ येते, चिठ्ठीवर मार्कर्सचा रकाना कोरा असतो, आणि फोन केला की "ऑपरेशननंतर करू" असं उत्तर मिळतं. तरुण माणसाच्या मध्यरेषेवरची गाठ किंवा अंडकोषाची गाठ असेल तर सुरीआधी या तीन नळ्या भरून घ्याव्यात.

डॉक्टरांना विचारायच्या आणखी काही गोष्टी. त्याची गुणसूत्रांची तपासणी करावी का? क्लाइनफेल्टर नावाच्या स्थितीत, म्हणजे मुलाकडे एक्स गुणसूत्र जास्त असेल तर, छातीतला नॉन-सेमिनोमा होण्याचा धोका वाढतो. केमोनंतर छातीचं मोठं ऑपरेशन लागायची शक्यता असेल तर ब्लिओमायसिन द्यायचं की त्याऐवजी दुसरं औषध? ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकतं, म्हणून हे आधी ठरवतात. नॉन-सेमिनोमात केमोनंतर उरलेली गाठ काढावी लागते. ती माझ्यासारख्यांकडे येते तेव्हा कधी आत फक्त मेलेल्या पेशी असतात, कधी टेराटोमा, ज्याला केमो लागू पडत नाही, आणि काहींत जिवंत कर्करोग उरलेला असतो. तिन्हींसाठी पुढचा रस्ता वेगळा.

केमोच्या पहिल्या डोसआधी वीर्य साठवून ठेवायचं. पुण्यात ही सोय आहे, एक-दोन दिवसांत होते. केमोनंतर अनेकांचे शुक्राणू परत येतात, पण सगळ्यांचे नाही. मुलगा काकूसमोर हे बोलणार नाही आणि घाईत डॉक्टरांकडूनही राहून जातं, म्हणून त्याच्या वडिलांनी किंवा काकांनी त्याला बाजूला घेऊन सांगावं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना पहिल्याच दिवशी विचारा.

आता धाकटा भाऊ. अंडकोषाच्या कर्करोगात सख्ख्या भावाचा धोका आठ-दहापट वाढतो. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण आपल्याकडे मूळ आकडाच लाखामागे एकाहून कमी आहे. आठ-दहापट केला तरी तो नॉर्वेतल्या कुठल्याही सर्वसाधारण मुलाइतकाच होतो. शिवाय हे आकडे अंडकोषाच्या आजाराचे आहेत. छातीत सुरू झालेल्या गाठीबाबत भावाला इतका धोका असल्याचा पुरावा नाही. त्याला दरवर्षी सीटी किंवा मार्कर्स करायला लावू नका.

त्याला एकच प्रश्न विचारायचा: लहानपणी दोन्ही गोट्या खाली उतरलेल्या होत्या ना? न उतरलेल्या अंडकोषात कर्करोगाचा धोका चार ते सहापट असतो. हे घरातल्या पुढच्या पिढीसाठीही लक्षात ठेवा. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावरही गोटी पिशवीत आली नसेल तर ती आपोआप उतरण्याची शक्यता फार थोडी, आणि ऑपरेशन साधारण दीड वर्षाच्या आत व्हायला हवं. "मोठा झाला की उतरेल" असं घरातली मोठी माणसं म्हणाली तरी मुलांच्या सर्जनला दाखवा. वयात येण्याआधी ऑपरेशन झालेल्यांत धोका कमी राहतो, आणि गोटी खाली असली की पुढे हाताला तपासता तरी येते.

अठरा वर्षांच्या मुलाने महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर स्वतःच चाचपून बघावं. दोन्ही हातांच्या बोटांत एकेक गोटी धरून हलकेच फिरवायची. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं ते नैसर्गिक आहे. गोटीतच, तिच्या पृष्ठभागावर, कडक आणि न दुखणारं काही लागलं, किंवा एक बाजू जड वाटू लागली, तर त्याच आठवड्यात युरोलॉजिस्टकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्यायची, आणि ऑपरेशनची वेळ आलीच तर छेद जांघेत घेणार ना, हे आधी विचारायचं.